डिझेल ट्रकचा फिल्टर चोक होतो तेव्हा



यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमाला माइक आणि स्पीकर दोन तास उशिरा का पोचले, याची चौकशी अजून चालू आहे! तो ट्रक माझा. म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकावं, कारण आपल्यातल्या चार-पाच जणांकडे तरी डिझेल पिकअप आहेत.

त्या सकाळी पारा उणे २४ सेल्सिअस. रात्रभर ब्लॉक हीटर लावलेला, त्यामुळे गाडी एका फटक्यात सुरू झाली. मिनियापोलिसबाहेर आय-९४ ला लागलो आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग ६० वरून ४५, मग ३० मैल. कशीबशी शोल्डरला घेतली आणि इंजिन बंद पडलं. मागे दोन मुलं. इंजिन बंद म्हणजे हीटरही बंद. थोड्याच वेळात काचा आतून गोठायला लागल्या. एक मित्र मिनीव्हॅन घेऊन धावत आला म्हणून निभावलं.

झालं काय, तर ब्लॉक हीटर इंजिन गरम ठेवतो, टाकीतलं डिझेल नाही. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं. आपलं खोबरेल तेल थंडीत थिजतं, तसाच प्रकार. नेहमीच्या नंबर २ डिझेलमध्ये साधारण शून्य ते उणे १० सेल्सिअसच्या दरम्यान मेणाचे कण धरायला लागतात आणि फिल्टरच्या बारीक जाळीवर जाऊन बसतात. आयडलिंगला थोडंसं डिझेल पुरतं, म्हणून घरासमोर काहीच कळत नाही. हायवेवर मागणी वाढली की उपासमार!

त्यात मिनेसोटात एप्रिल ते सप्टेंबर डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल असतं, थंडीत ५ टक्के. बायोडिझेल आणखी लवकर थिजतं. माझी टाकी सप्टेंबरात गणपतीचं सामान हलवताना भरलेली. मी आयटीतला, काम घरूनच, ट्रक बहुतेक उभाच. थोडक्यात, जानेवारीत मी उन्हाळी डिझेल घेऊन निघालो होतो.

ट्रक टो करून गरम गॅरेजमध्ये रात्रभर ठेवला. मेण वितळलं, गाडी सुरू झाली. तिथेच थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो, कारण फिल्टर उघडला तर काळाकुट्ट, तळाशी पाणी! दर ऑइल चेंजला 'फिल्टर बदलला' असं बिलावर असायचं. तो ऑइल फिल्टर होता. डिझेलच्या फिल्टरला तीन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. तुमचं बिल एकदा नीट वाचाच.

नवा फिल्टर मी स्वतःच बसवला. इंजिन थंड हवं. आधी खालच्या नळीतून पाणी-डिझेल भांड्यात काढायचं, मग झाकण. नवी रबर रिंग डिझेलने ओली करून बसवायची. कॅनमधलं डिझेल नव्या फिल्टरच्या मधल्या भागात ओतू नका, ते न गाळता थेट इंजेक्टरकडे जातं, आणि एकेक इंजेक्टर किती डॉलरला पडतो ते विचारूच नका. मग स्टार्टर न मारता चावी 'ऑन' करून अर्धा मिनिट थांबायचं, असं दोन-तीनदा. बहुतेक पिकअपमध्ये विजेचा पंप तेवढ्यात डिझेल भरून घेतो. तरी मॅन्युअल बघाच.

सांगलीकडे आमच्या ट्रॅक्टरची एअर काढायला काका पाइपचा नट सैल करून स्टार्टर मारायचे. इथे ते अजिबात करू नका! नव्या इंजिनात दाब २० हजार पीएसआयच्याही वर असतो, ती बारीक धार कातडीतून आत शिरते. तसंच ग्लो प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आतच भडका उडतो.

अँटी-जेल डिझेल थिजण्याआधी टाकीत घालायचं, आणि त्यावर पंपाचं डिझेल भरायचं म्हणजे नीट मिसळतं. थिजल्यावर ते निरुपयोगी, त्यासाठी वेगळी बाटली मिळते. कडाक्याच्या थंडीत नंबर १ मिसळलेलं डिझेल घ्या. थोडं महाग पडतं, मायलेजही जरा कमी, पण टोच्या बिलापुढे काहीच नाही.

माइकबद्दल पुन्हा एकदा दिलगिरी. गुढीपाडव्याचं सामानही मीच आणतोय. टाकीत थंडीचं डिझेल आहे, सीटखाली एक नवा फिल्टर आणि बायकोच्या आग्रहाने दोन गोधड्या.