मॅग्नेशियमची जुनी चाके

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटविलेली ज्याने पाहिली असेल, त्याला तो डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश विसरता येणार नाही. हाच धातू मोटारींच्या चाकांसाठी वापरला गेला, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड याने शर्यतीच्या मोटारींसाठी मॅग्नेशियमची ओतीव चाके बनविली. आज ज्यांना ‘मॅग व्हील’ म्हणतात ती चाके बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. नाव मात्र मॅग्नेशियमचे राहिले आहे.

या निवडीचे कारण हलकेपणा हे होय. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन ७.८७ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २.७० ग्रॅम, तर मॅग्नेशियमचे केवळ १.७४ ग्रॅम भरते. चाक जितके हलके, तितके ते रस्त्याच्या खाचखळग्यांवरून चटकन वरखाली होते आणि टायर जमीन सोडीत नाही.

परंतु या गुणाबरोबर एक खोडही आहे. मॅग्नेशियम निसर्गात सुटे कधीच सापडत नाही. हंफ्री डेव्ही याने १८०८ साली ते प्रथम वेगळे केले. समुद्राच्या पाण्यात ते क्षाररूपाने असते, तसेच डोलोमाइट या दगडातही असते. रायपूरजवळच्या भिलाई पोलाद कारखान्यासाठी बिलासपूर जिल्ह्यातील हिर्रीच्या खाणीतून जो दगड काढला जातो, तो हाच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे हे कार्बोनेट होय. त्यातून धातू मिळविण्यास पुष्कळ ऊर्जा खर्चावी लागते. आणि संधी मिळताच तो धातू पुन्हा मूळ रूपाकडे वळतो. जुन्या चाकावर जी पांढरी भुकटी दिसते, ती ओलाव्याने झालेले हायड्रॉक्साइड व हवेतील कार्बन डायऑक्साइडने झालेले कार्बोनेट यांची असते. चाक जणू परत दगड होऊ लागलेले असते. मीठ, ओल आणि लोखंडी बोल्टांचा स्पर्श यांनी ही क्रिया वेगाने होते. धातूत लोहाचा अल्पसा अंश मिसळलेला असला, तरीही तेच घडते.

असे चाक घरी नव्याने रंगवावयाचे तर प्रथम धातूची ओळख पटवावी. आतल्या बाजूस, दिसणार नाही अशा जागी, थोडे खरवडून त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. बुडबुडे उठले तर मॅग्नेशियम, न उठले तर ॲल्युमिनियम, असे सामान्यतः समजावे. जुना रंग काढण्यास आम्लयुक्त द्रव वापरू नये, कारण आम्ल मॅग्नेशियमला खाते. याउलट अल्कली त्यास सहसा अपाय करीत नाही. ॲल्युमिनियमला मात्र ती खाऊन टाकते. कोणताही द्रव हाताळताना हातमोजे व चष्मा हवाच.

नंतर हाताने पॉलिश पेपर घासावा. लोखंडी तारेचा ब्रश वापरल्यास लोहाचे कण पृष्ठभागात रुतून गंजाची केंद्रे होतात. विजेवर फिरणारे ग्राइंडर तर कटाक्षाने टाळावे. ठिणगी आणि बारीक धूळ यांची गाठ पडली की आग लागते. धूळ साचू न देता मऊ ब्रशाने वरचेवर गोळा करावी. ओली धूळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नये, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो.

आग लागलीच, तर पाणी मारू नये. जळते मॅग्नेशियम पाण्यातील ऑक्सिजन ओढून घेते व हायड्रोजन मोकळा करते. कार्बन डायऑक्साइडही त्यास विझवीत नाही. ११ जून १९५५ रोजी ल मॉं येथील शर्यतीत ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्या अपघातातील मर्सिडीझ गाडीचा साचा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. पाण्याचा मारा करताच तिची आग अधिकच भडकली. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच संपूर्ण कोरडी वाळू हाताशी ठेवावी.

घासून उघडा झालेला धातू पुसून, वाळवून, विलंब न लावता एपॉक्सी प्रायमरने झाकावा. त्यावर रंगाचे थर द्यावेत. पूर्वी कारखान्यांत क्रोमेटचा लेप देत असत. तो अत्यंत विषारी असल्याने घरी करण्याजोगा नाही.

एवढे केल्याने चाक सुंदर दिसेल, पण ते मजबूत आहे असे ठरत नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाने पडलेली केसासारखी चीर रंगाखाली सहज लपते. ती शोधण्यासाठी रंग देण्यापूर्वी जाणत्या तंत्रज्ञाकडून भेदक द्रवाची चाचणी करून घ्यावी. चीर वा खोल खड्डे आढळल्यास ते चाक शोभेसाठी भिंतीवर टांगावे, गाडीला लावू नये. रंगाचा पापुद्रा दगडाकडे निघालेल्या धातूला काही काळ थोपवितो. तुटू लागलेल्या चाकाला तो सांधीत नाही. आणि चाकावर माणसांचे जीव अवलंबून असतात.