संकल्पचित्र की संकल्पन?

बांधकाम खात्याच्या मराठीत 'डिझाइन'ला 'संकल्पचित्र' म्हणतात. शब्द वाईट नाही. परंतु वर्गातील प्रकल्पात विद्यार्थी चित्र काढूनच थांबतो. चित्रात न मावणारी रचना पाहावयाची तर बीडनजीकची खजाना विहीर पाहावी. निजामशाहीत, इ. स. १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधविली. तिचे पाणी भुयारी नहरीने, मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर शेतीस पोहोचावे अशी योजना आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अशा पाटाची मातीची प्रतिकृती करून तीत पाणी सोडावे. उतार कमी पडल्यास गाळ साचतो, अधिक झाल्यास तळ खरवडला जातो. मग मापे बदलून पुन्हा पाणी सोडणे आले. ही फेरजुळणी 'चित्र' या पदात सामावत नाही. अभ्यासक्रमात म्हणूनच 'संकल्पन' हे क्रियावाचक नाम योजावे, असे माझे मत आहे.