माशाच्या कल्ल्यांतले पाहुणे

भोपाळच्या अयोध्या नगरहून शहर ओलांडून पश्चिमेला गेलं की बडा तलाव लागतो. २००२ पासून तो रामसर यादीतल्या भोज पाणथळीचा भाग आहे. त्याच्या तळच्या गाळात ‘लॅमेलिडेन्स’ जातीचे शिंपले अर्धे रुतून बसलेले असतात. पाणी गाळून त्यातली शेवाळं खाणारा हा प्राणी तसा गरीब. पण त्याचं बालपण परजीवी असतं.

नर शुक्राणू पाण्यात सोडतो. श्वासाच्या पाण्याबरोबर ते मादीच्या शरीरात जातात आणि अंडी तिच्या कल्ल्यांमध्येच वाढतात. त्यांतून ‘ग्लोकिडियम’ ही अळी तयार होते. मिलिमीटरच्या अंशाएवढी, दोन झडपांची. पाण्यात सुटल्यावर मासा सापडला नाही तर ती थोड्याच दिवसांत मरते. सापडला, तर झडपा मिटून त्याच्या कल्ल्याला किंवा पराला पकडते. माशाची त्वचा तिच्याभोवती वाढून पुटकुळी बनते. आत अळीचा पिटुकला शिंपला होतो आणि काही दिवसांनी वा आठवड्यांनी तो तळाशी गळून पडतो. अळ्या मोजक्याच असतील तर माशाचं सहसा फारसं बिघडत नाही.

१७९७ मध्ये राथके या अभ्यासकाने या अळ्यांना शिंपल्यालाच त्रास देणारा वेगळा परजीवी ठरवलं होतं!

बसल्या जागचा शिंपला असा माशाच्या जिवावर दूरवर पसरतो. म्हणूनच योग्य जातीचे मासे संपले, तर म्हातारे शिंपले दिसत राहतात, पण नवी पिढी येत नाही.