दूरस्थ व प्रत्यक्ष शालेय शिक्षण

विद्यार्थी शाळेत न जाता आंतरजाल, दूरचित्रवाणी, ध्वनिक्षेपक इ. साधनांद्वारे जे शिक्षण घेतो, त्यास दूरस्थ शिक्षण आणि शिक्षकाच्या सान्निध्यात वर्गात बसून घेतलेल्या शिक्षणास प्रत्यक्ष शिक्षण म्हणतात. या दोहोंच्या तौलनिक विचारास कोविड–१९ च्या साथीमुळे निकडीचे स्वरूप आले. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

या डोंगराळ तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी इ. जमातींची वस्ती विखुरलेल्या पाड्यांत आढळते. भात, नागली व वरई यांचा हंगाम संपल्यावर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व शहरांकडे रोजगारासाठी जातात. मुलांच्या शिक्षणात त्यामुळे पडणारा खंड टाळण्यास निवासी आश्रमशाळा उपयोगी ठरतात.

मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. भ्रमणध्वनीवरील वर्ग, ‘दीक्षा’ हे उपयोजन आणि जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही मालिका असे पर्याय योजण्यात आले. तथापि त्यांतील भ्रमणध्वनीवरील पर्यायांसाठी स्मार्टफोन, वीज व संदेशवहनाचे जाळे ही तिन्ही उपलब्ध असावी लागतात. दुर्गम पाड्यांत यांपैकी एकाचा जरी अभाव असला, तरी पाठ खंडित होतो. या अडचणीवर उपाय म्हणून दिगंत स्वराज फाउंडेशनने २०२० मध्ये दांडवळ व आसपासच्या गावांत ‘बोलकी शाळा’ चालविली. तीत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले जात व मुले अंतर राखून एकत्र बसत. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा भरू लागले.

दूरस्थ पद्धतीत पाठ पुन्हा ऐकता येतो, अंतराची अडचण दूर होते व आपत्तीच्या काळात शिक्षणाशी संबंध टिकतो. प्रत्यक्ष शाळेचे कार्य मात्र पाठापुरते मर्यादित नसते. घरी वारली वा कातकरी बोलणाऱ्या मुलास प्रमाण मराठी अपरिचित वाटते. त्याचा गोंधळ समोर असलेल्या शिक्षकाच्या चटकन ध्यानी येतो. ध्वनिक्षेपकास तो कळत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंमुळे कुपोषणासाठी देशभर चर्चिल्या गेलेल्या या भागात शाळेतील शिजविलेल्या आहाराचे महत्त्वही मोठे आहे. शाळा बंद असताना त्याऐवजी दिलेला कोरडा शिधा घरातील सर्वांच्या वाट्यास जाणे स्वाभाविक होते.

शाळेने मुलाकडे जावे, हा विचार याच जिल्ह्यात जुना आहे. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. तेथे शाळेचे स्थान बदलले. शिक्षक व मूल यांचा सहवास मात्र कायम राहिला. दूरस्थ साधनांचे मोलही याच कसोटीवर ठरते. शिक्षकाच्या जोडीला ती उपकारक होतात. त्याच्या जागी योजल्यास ज्या मुलांना शाळेची गरज सर्वाधिक, तीच प्रथम वंचित राहतात.