सुटलेल्या दिवसांचा हिशेब कशाला?

ऑक्टोबर तोंडावर आला की चित्रांची हौस असलेल्या अनेकांच्या मनात एकच घोळ सुरू होतो. यंदा पुन्हा उतरावे का? गेल्या वर्षी आठव्या-नवव्या दिवशीच वही मिटली होती. परत तेच झाले तर?

हा घोळ ‘इंकटोबर’चा. अमेरिकी चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये शाईवरचा आपला हात सुधारावा आणि रोज चित्र काढण्याची सवय लागावी म्हणून हा उपक्रम सुरू केला. महिन्याचे ३१ दिवस, रोज शाईचे एक चित्र. पुढे तो जगभर पसरला.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मात्र हा महिना निवांत कधीच नसतो. सोयाबीनची काढणी, मळणी, वर ऑक्टोबरचे ऊन. नवरात्र आणि कोजागरीची तुळजापूरची गर्दी बहुधा याच दिवसांत. चार दिवस वहीला हात लागत नाही आणि मग ‘साखळी तुटलीच आहे, आता राहू दे’ असे वाटते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनी मनाची ही खोड नेमकी टिपली होती. एकदा पाय घसरण्यापेक्षा ‘आता सगळेच गेले’ ही भावना जास्त नुकसान करते.

खरे तर एक दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८ तर कुणाला २५४, असा त्यांचा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस सुटला तरी सवय जडण्याच्या वाटचालीवर विशेष परिणाम दिसला नाही. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, चित्रांच्या नव्हत्या. तरीही ३१ दिवसांत सवय लागली नाही म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरी शंका हाताची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत वस्तुचित्राला मिळालेले गुण काही जण चाळिशीतही विसरलेले नसतात! अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कलाकाम करायला दिले. त्यानंतर सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले. पूर्वी कला शिकलेले आणि न शिकलेले यांत लक्षणीय फरक नव्हता. अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून याला औषध समजू नये. मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटावे किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

शाई खोडता येत नाही, हीच नवख्याला भीती. पण खोडरबर नसल्यामुळे चित्र पुढेच न्यावे लागते. दहा मिनिटांत संपतेही. मोठा कागद घेऊ नये, पोस्टकार्डाएवढा पुरे. नळदुर्गचा पाणीमहाल पहिल्याच दिवशी काढायला बसलात तर दुसऱ्या दिवशी वही उघडणार नाही. कंदील, चप्पल, ज्वारीचे कणीस यांपासून सुरुवात करा. तेरच्या त्रिविक्रम मंदिराच्या विटा तिसऱ्या आठवड्यात. मनगट दुखू लागले तर थांबा. आणि चार दिवस सुटले तर पाचव्या दिवशी पाच चित्रे काढायची नाहीत, फक्त त्या दिवसाचे एक.

तेही जमत नसेल तर दिवसाआड, नाहीतर आठवड्याला एक चित्र काढावे, अशी मुभा खुद्द पार्कर यांनीच दिलेली आहे.