कॉटर निघेना!

मराठीच्या प्राध्यापकाने हातात हातोडा धरू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे जुने मत आहे. गेल्या दिवाळीत ते खरे ठरता ठरता राहिले.

उल्हासनगर कॅम्प २ मधल्या आमच्या घरी साफसफाई चालू असताना जिन्याखालून वडिलांची अ‍ॅटलस सायकल निघाली. शहाडच्या कारखान्यात ते पाळीला हिच्यावरूनच जात. आज वडील नाहीत. आणि १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही २०२० साली बंद पडला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी चालवू?" पायडल फिरवून पाहिले, तो आतून करकर ऐकू आली. छर्रे बदलायला हवे होते, आणि त्यासाठी आधी क्रँक काढायला हवा होता.

नट काढला आणि घाव घालू लागलो. दहा-बारा घावांत कॉटर पिन तसूभर हलली नाही. तिच्या आट्यांचे टोक मात्र अळंबीसारखे पसरले!

अखेर कोपऱ्यावरच्या सिंधी मिस्त्रीकाकांना शरण गेलो. महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. बराकींतून संसार उभारणाऱ्यांच्या या गावात जुने टाकण्यापूर्वी दहा वेळा पाहतात.

काका म्हणाले, "साईं, ही पिन नाही, पाचर आहे. खालून टेका न देता माराल, तर घाव पिनेला लागत नाही. एक्सलमधून छऱ्यांना लागतो. मग वाटीला खड्डे पडतात."

वाचकहो, आपल्याही जिन्याखाली अशी सायकल असेल, म्हणून त्यांची रीत सांगतो. आदल्या रात्री पिनेच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल सोडावे. नट पुरता काढू नये. आट्यांच्या टोकाशी बरोबरीने ठेवावा, म्हणजे आटे पसरत नाहीत. पिनेचे जाड टोक आत मावेल असा लोखंडी पाइप क्रँकखाली जमिनीवर उभा टेकवावा, आणि मग नेमका एकच जोरदार घाव. त्याहून उत्तम म्हणजे पिन दाबून काढणारा स्क्रूचा शिकंजा. त्यात हातोड्याचे कामच नाही.

माझी 'अळंबी' काकांनी कानशीने घासली, शिकंजा लावला आणि पाना हळूहळू फिरवला. टक् असा आवाज झाला, आणि पिन बाहेर!

नवी पिन घेताना जुनी सोबत न्यावी. जाडी जुळलीच पाहिजे. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट बसवाव्यात, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. थोडे अंतर चालवल्यावर नट पुन्हा आवळावा.

जुनी पिन काकांनी माझ्या हातावर ठेवली. तिच्या सपाट अंगाला एक पायरी पडली होती. "चालवणाऱ्याच्या पायाची आहे," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या पाळ्यांचा तो दाब मी घाईघाईने ठोकून काढत होतो!

भाऊबीजेला चिरंजीव सायकल घेऊन गोल मैदानापर्यंत जाऊन आले. करकर नव्हती. ती पिन मात्र माझ्या टेबलावर आहे. वर्गात एखादा मुलगा अडला आणि माझा आवाज चढू लागला, की मला तिची आठवण होते.