रेडिओतले घर आणि आमची खोली

परळच्या चाळीत आम्ही आकाशवाणी मुंबईचे ‘पुन्हा प्रपंच’ ऐकत असू. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, म्हणजे प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी, जणू पलीकडच्या खोलीतच बोलत. हसू यायचे, खोटे कशाला सांगू? पण ते घर पांढरपेशांचे. आडनाव ऐकून नाकारलेल्या खोलीची गोष्ट तिथे माझ्या कानी कधी आली नाही.

आकाशवाणीवरूनच 3 ऑक्टोबर 1954 रोजी बाबासाहेबांनी आपले तत्त्वज्ञान मांडले होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असे ते म्हणाले. कायदा स्वातंत्र्य-समतेची हमी देऊ शकत नाही; खरे संरक्षण बंधुतेचे, हा त्यातला गाभा. म्हणजे काय? घटनेच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी दादरला माझे आडनाव ऐकताच रिकामी खोली ‘आत्ताच गेली’. कलम होते, बंधुता नव्हती.

26 जानेवारीला रेडिओवर दिल्लीच्या संचलनाचे धावते वर्णन चाले. घटनेच्या शिल्पकाराचे बिऱ्हाड 1912 ते 1934 आमच्याच परळमध्ये, पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत होते, हे चाळीतले म्हातारे सांगत. तेही रेडिओ बंद झाल्यावर.